बिवलकरांची निवटी

ठाण्याच्या कोर्टात भाषांतराचं काम करणारे श्रीपादराव बिवलकर चेंदणीच्या खाडीवर जाऊन चोरून मासे खातात, ही बातमी टेंभी नाक्यावर पोचली तेव्हा खुद्द श्रीपादराव गुडघाभर चिखलात पालथे पडून एका माशाची मनधरणी करत होते.

साल अठराशे एकोणनव्वद. विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाच्या सामानाच्या लिलावात श्रीपादरावांनी फोटोचा कॅमेरा घेतला, आणि घरच्यांना वाटलं, आता सगळ्यांच्या तसबिरी निघणार. बायकोनं, द्वारकाबाईंनी, तर पैठणीची घडीसुद्धा मोडली. पण श्रीपादरावांना माणसांचं काही पडलं नव्हतं. त्यांनी पहिला फोटो काढला तो गोगलगाईचा, दुसरा जाळ्यातल्या कोळ्याचा. मग त्यांच्या लक्षात आलं, की कॅमेऱ्याचा घड्याघड्यांचा भाता जितका लांब ओढावा तितकी वस्तू मोठी दिसते. पुस्तकं बांधणाऱ्याकडून मेणकापडाचा जादा भाता शिवून घेतल्यावर कॅमेरा इतका लांब झाला, की नाक्यावरून नेताना गाढवं वाट सोडू लागली.

त्यात एके दिवशी त्यांना निवटी दिसली. बोटभर मासा, पण पाण्याबाहेर चिखलात बसलेला, डोक्यावर बेडकासारखे डोळे, आणि नजर अशी की जणू समोरच्याचीच उलटतपासणी चालली आहे. श्रीपादराव त्या क्षणी कामातून गेले.

आता निवटीचा फोटो म्हणजे भिंगावरचं टोपण काढल्यापासून परत बसवेपर्यंत तिनं हलायचं नाही. हे तिला कोण सांगणार? फोटोच्या एका काचेवर तिला दोन डोकी आली. एका काचेवर नुसतं बीळ आलं. मिठागरावरचा काळुराम आगरी रोज गंमत बघायला यायचा. तो म्हणाला, "बामनकाका, ही काय फोटूला बसनार नाय. जरा सावली परली का गेली बिलान. मी धरून देतो, घरी न्या."

श्रीपादरावांना ते पटलं. काळुरामानं मडक्यात चिखल भरून दोन निवट्या दिल्या, आणि ते मडकं पंच्याखाली झाकून श्रीपादराव भर संध्याकाळी नाक्यावरून घरी आले. मडक्यातून एकीनं पंचा उडवून बाहेर डोकावलं, ते नेमकं आबाजीपंत मोघ्यांच्या समोर.

आबाजीपंत म्हणजे पेन्शनर शिरस्तेदार. दुसऱ्याच्या घरात काय शिजतं याची त्यांना रात्रंदिवस काळजी. घरात निवट्या मडक्याच्या तळाशी दडून बसल्या, म्हणून दुसऱ्या दिवशी श्रीपादराव पुन्हा खाडीवर गेले, आणि इकडे बातमी नाक्यावर पोचून द्वारकाबाईंना हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली.

"खरं सांगायचं," द्वारकाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "मासे खाणं झालं का?"

"अगं, मी तिचं चित्र काढतो."

"चित्र काढून अंगाला असा वास येतो?"

श्रीपादराव त्या दिवसाच्या काचांची पेटी घेऊन उठले. बाळंतिणीच्या रिकाम्या अंधाऱ्या खोलीत तांबडा कंदील लावून ते काचा धुवायला बसले. आणि त्याच दिवशी निवटी एकदाची काचेवर उमटली. खवला न् खवला मोजून घ्यावा अशी!

रविवारी सकाळी आळीतली मंडळी बिवलकरांच्या ओटीवर जमली. मधोमध आबाजीपंत, शेजारी भिक्षुक विनायकभट, बाकीचे भिंतीला टेकून. द्वारकाबाई माजघराच्या दाराआड उभ्या राहिल्या.

"श्रीपादराव, प्रायश्चित्त घ्यावं लागेल," आबाजीपंतांनी सुरुवात केली. "मडकं मी स्वतः पाहिलं आहे."

श्रीपादरावांनी मुकाट्यानं फोटो पुढे ठेवला. वीतभर कागदावर डोळे वटारलेली निवटी पाहून विनायकभट दोन हात मागे सरकले.

"शिव शिव! ही तर मगर दिसते. एवढं धूड हा एकटा माणूस खाणार कसा?"

"धूड कसलं!" आबाजीपंत चष्मा सावरत खेकसले. "बोटाएवढी असते ती. एका माणसाला दहा-बारा तरी लागतात."

विनायकभटांनी मान हळूच त्यांच्याकडे वळवली.

"म्हणजे… लोक म्हणतात तसं," आबाजीपंत घाईनं म्हणाले. "ही तर अजून कोवळी आहे. अंड्यांची गाभोळी भरली की पोट कसं—" आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

तेवढ्यात दाराआडून आवाज आला, अगदी स्वयंपाकातली शंका विचारावी तसा. "आणि आंबटाला काय घालायचं? कोकम?"

"छे! कैरीच पाहिजे," आबाजीपंत म्हणाले.

मग विनायकभटांना पूजा राहिल्याचं आठवलं, एकाला बाजार आठवला, आणि ओटी रिकामी झाली. सर्वांत शेवटी आबाजीपंत उठले. जोडे त्यांच्याकडून उलटे घातले गेले, पण ते तसेच चालत सुटले. प्रायश्चित्ताचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

त्या दुपारी द्वारकाबाई स्वतःच म्हणाल्या, "मला जिवंत बघायची आहे."

खाडीला ओहोटी लागलेली. द्वारकाबाईंनी लुगडं आवरून घेतलं, चिखलात पाय रोवले आणि कॅमेऱ्यामागच्या काळ्या फडक्यात डोकं घातलं.

"उलटी दिसतेय."

"मागच्या काचेवर तशीच दिसते."

"म्हणजे रोज इतका वेळ उलटंच बघणं होतं?"

"हो."

श्रीपादराव उन्हात घामाघूम होऊन टोपण हातात घेऊन उभे होते. फडक्याखालची बायको काही बाहेर यायचं नाव घेईना.

"लावू का टोपण? फोटोची काच घालायची आहे." त्यांनी शेवटी विचारलं.

"थांबायचं जरा," आतून कुजबुज आली. "जांभई देतेय ती."