सहा ई-फ्लॅट

"सहा चुका होत्या, त्या काढून टाकल्या," म्हणत डॉ. श्रीकांत देवस्थळींनी नवीन छापलेली पानं अनुराधाच्या स्टँडवर ठेवली. "आता शनिवारी डोकेदुखी नको."

अनुराधाने चष्मा सारखा केला. चार वाद्यांच्या क्वार्टेटच्या तिसऱ्या भागात, व्हायोलाच्या ओळीत जिथे जिथे ई-फ्लॅट होता, तिथे आता साधा ई होता. सहाही जागी.

"या चुका नव्हत्या, डॉक्टर."

"अहो, वर मी शुद्ध गंधार धरून बसलोय आणि खाली तुम्ही कोमल लावताय. त्याच क्षणी. कुठे चालतं हे? आणि आता जोग राग काढू नका."

"नाही काढत. जोगात दोन्ही गंधार लागतात, पण एकामागून एक. इथे एकदम आहेत. तो पुरावा चालणार नाही."

हे तिने आधीच तपासून बाजूला ठेवलं होतं. आपल्या कानाला ओळखीचं वाटतं म्हणून बरोबर, असं तिला मान्य नव्हतं.

ब्रिस्टलमधल्या देवस्थळींच्या पुढच्या खोलीत हे चौघे दर गुरुवारी दुपारी वाजवायला बसत. देवस्थळी निवृत्त भूलतज्ज्ञ. पहिलं व्हायोलिन त्यांचं आणि शेवटचा शब्दही. दुसऱ्या व्हायोलिनवर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली हेलन. सेलोवर ईरा, विमानांच्या पंखांचं काम करणारी सव्वीस वर्षांची इंजिनिअर, जन्माने ब्रिस्टलचीच. आणि अनुराधा ठोसर. एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या स्लाइड पाहिलेली. चाळिशीत ती संध्याकाळच्या क्लासला गेली तेव्हा व्हायोलिनच्या सगळ्या जागा भरल्या होत्या, म्हणून व्हायोला, व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या सुराचं. "व्हायोला म्हणजे पंगतीत वाढणारी बहीण," देवस्थळी नेहमी म्हणत. "ती नसली की कळतं, असली की नाही."

हा क्वार्टेट तिनेच शोधला होता. एडना मे कॉल्टर ही सेंट लुइसमधली कृष्णवर्णीय बाई, शाळेत संगीत शिकवायची. १९३४ साली तिने तो लिहिला, चारही वाद्यांची पानं स्वतःच्या हाताने उतरवली, आणि तो कुठेही वाजवला गेला नाही. भाचीने जपलेली ट्रंक एका अमेरिकन विद्यापीठाकडे गेली. एका लेखाच्या तळटीपेत अनुराधाला ते नाव दिसलं. अकरा ईमेलनंतर हस्तलिखिताचे फोटो आले. निवृत्तीनंतरचा पहिला हिवाळा तिने ते स्वर एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवण्यात घालवला. शनिवारी चर्चमधल्या दुपारच्या कार्यक्रमात तो वाजणार होता. कळलं होतं तेवढ्यावरून, पहिल्यांदाच.

"डॉक्टर, एक विचारू? पेशंटच्या नोट्समध्ये तुम्ही कधी खोडरबर वापरलंत?"

"काहीतरीच काय."

"मग काय करायचात?"

"एक रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. सही, तारीख."

"मग इथे तुमची रेघ कुठंय? हे पान उद्या कुणाच्या हातात पडलं, तर त्याला वाटेल कॉल्टरबाईंनीच असं लिहिलं."

देवस्थळींनी राळेची वडी घेतली आणि ते गजाला घासायला लागले.

हेलनने इंग्रजीत विचारलं, घरातलं भांडण आहे का, मी चहा टाकू का.

"एका नोटवरून," ईरा तिला म्हणाली, आणि मग मराठीत, "मावशी, मला पण तो नोट वीअर्ड वाटला. पण वीअर्ड म्हणजे राँग नसतो ना?"

"नसतो. पण नसतो एवढ्याने भागत नाही." अनुराधाने पिशवीतून लॅपटॉप काढला. "या इकडे. हे तिच्या हातचं व्हायोलाचं पान. आता मोठं करते."

पडद्यावर एकच फ्लॅटची खूण उरली, इंग्रजी 'b' सारखी. तिच्याभोवती कागद किंचित फिकट, लव आल्यासारखा.

"खरवडलंय," देवस्थळी लगेच म्हणाले. "बघा, म्हणजे तिला स्वतःलाच शंका होती."

"खरवडलंय, बरोबर. कुणी, ते सांगता येत नाही. आता शाईच्या कडा बघा. शेजारच्या सगळ्या स्वरांच्या कडा स्वच्छ आहेत. या फ्लॅटची शाई मात्र पसरलीय, मुळं फुटल्यासारखी. ब्लेडने खरवडला की कागद शाई पितो. म्हणजे आधी खरवडलं, आणि त्यानंतर हा फ्लॅट लिहिला."

"आणि खाली काय होतं?"

"ते मला माहीत नाही. कदाचित आधीही फ्लॅटच असेल, कुणीतरी काढायला लावला असेल. कदाचित नसेल. पण शेवटचा हात तिचा आहे. हा पोट उघडं ठेवलेला फ्लॅट ती सगळीकडे असाच काढते."

"एका ठिकाणी शाई पसरली, तर..."

"सहा ठिकाणी." तिने एकेक करून सहाही दाखवले. घाई केली नाही. सहाव्याला ईराने हळूच "वाव" म्हटलं.

देवस्थळी परत खुर्चीत बसले. "अनुराधाबाई, तुमचं शास्त्र मान्य. पण शनिवारी तिथे कुणी शाई बघणार नाही. ऐकणार. त्यांना वाटेल व्हायोला बेसूर आहे. कॉल्टरचं नाव कुणी घेणार नाही, तुमचं घेतील. वीस वर्षं झाली तुम्ही वाजवताय. कशाला ओढवून घेता?"

त्याचाच विचार तिने आठवडाभर केला होता. वीस वर्षं तिची एकच धडपड होती, आपल्यामुळे कुणाचं बिघडू नये. स्वर थोडा जरी हलला तरी ती घरी जाऊन तासभर तेवढंच घोटायची.

"माझं घेऊ देत," ती म्हणाली. तिने नवीन पानं उचलली, प्रत्येक दुरुस्तीवर पेन्सिलने एक रेघ मारली, वर फ्लॅटची खूण केली, खाली अ. ठो. आणि तारीख लिहिली. सहा वेळा. सगळे थांबले होते. "चला. तिसरा भाग, सुरुवातीपासून."

शनिवारी चर्चमध्ये तेवीस माणसं होती. तिसऱ्या भागात पहिला ई-फ्लॅट आला तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मान वर केली. अनुराधाने तो दबकून वाजवला नाही. पूर्ण गजाने, देवस्थळींच्या ईला भिडवून वाजवला. तिसऱ्यांदा देवस्थळी स्वर संपवायची घाई न करता तिच्यासाठी थांबल्याचं तिला कळलं. सहाव्यांदा दोघांनी एकदम गज उचलला.

नंतर फिकट निळा स्कार्फ घातलेली एक वयस्कर बाई पुढे आली. फार सुंदर झालं, म्हणाली. मग आवाज उतरवून अनुराधाला म्हणाली, "मधल्या भागात जरा त्रास झाला ना? व्हायोला अवघडच वाद्य. वाईट वाटून घेऊ नका."

"त्रास नाही झाला. तसंच लिहिलंय."

बाई समजुतीने हसली.

"तसंच लिहिलंय," व्हायोलिनची पेटी बंद करता करता देवस्थळी मागून म्हणाले. "सहाही ठिकाणी."

"असं? मग बिचारीने ते कधी वाजताना ऐकलं नसेल. ऐकलं असतं तर बदललं असतं."

अनुराधा काही बोलायला गेली. खरवडलेला कागद, पसरलेली शाई, सगळं तिच्या जिभेवर होतं.

"नाही ऐकलं तिने," ती म्हणाली. "कधीच नाही."

मग तिने गजाचा स्क्रू फिरवला आणि त्याचे केस सैल पडेपर्यंत फिरवत राहिली.