मर्डॉकला डॉक्टर मिळाला

माझा नवरा मर्डॉक जाऊन दहा आठवडे झाले आणि त्याला डॉक्टर मिळाला.

फोनवरची मुलगी भलतीच खुशीत होती. "अभिनंदन! फॅमिली डॉक्टर मिळावा म्हणून पाच वर्षं सरकारी यादीत होते ना गिलिससाहेब? लागला त्यांचा नंबर. बुधवारी, दहा वाजता."

"ते वारले," मी म्हटलं. "इमर्जन्सीच्या कॉरिडॉरमध्ये, खुर्चीवर बसून. चौदा तास नंबरची वाट बघत होते."

"अरेरे. मग नाव काढायला त्यांच्या फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागेल."

"अगं बाई, डॉक्टर नव्हता म्हणून तर गेला ना तो!"

"आता आहे ना," ती समजुतीने म्हणाली. "बुधवारी चिठ्ठी घेऊन टाका."

"आणि माझा नंबर?"

"त्यांच्या मागोमाग तुमचाच आहे. पण या डॉक्टरांची यादी गिलिससाहेबांपाशी भरली. पुढचा डॉक्टर आपल्या या केप ब्रेटन बेटावर कधी येईल, काही सांगता येत नाही."

फॉर्म आम्ही एकाच टेबलावर भरले होते. पेन एकच होतं, ते मर्डॉकने आधी उचललं. दार असो, खुर्ची असो, किटलीतला पहिला चहा असो, चव्वेचाळीस वर्षं हा माणूस माझ्या पुढे. आता माझ्या काखेत द्राक्षाएवढी गाठ आली होती आणि मी दिवसातून वीसदा ती चाचपून बघत होते. घाबरले होते, खोटं कशाला बोलू? इमर्जन्सीत जायचं म्हटलं की ती खुर्ची डोळ्यांसमोर यायची.

"अगं एफी, त्याच्या जागी तू जा की," शेजारची सेडी म्हणाली. "त्याला आता कसली घाई आहे?"

बुधवारी मी त्यालाही बरोबर घेतलं. खाणीत कामाला जाताना तो जेवणाचा डबा न्यायचा, त्यातच त्याची राख ठेवली आहे, त्याचीच तशी इच्छा होती. काउंटरवरच्या बाईने मान वर न करता विचारलं, "पेशंट हजर आहे?"

"आहे," म्हणत मी डबा पुढे ठेवला. तिने यादीत नावापुढे खूण केली.

डॉक्टर कोमो म्हणजे तिशीतली पोरगी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय होतंय यांना?"

"काखेत गाठ आहे."

"यांना?"

"यांना," म्हणून मी हात वर केला.

तिने बराच वेळ तपासलं. बोटं गार होती, तरी बरं वाटलं. पाच वर्षांत मला कुणी तपासलंच नव्हतं.

"गिलिसबाई, तुम्ही माझ्या यादीत नाही. तुमच्या नावाने तपासणी लिहिली तर कॉम्प्युटर परत पाठवतो."

"मग लिहा त्याच्या नावाने. तो आहे यादीत."

तिने दार लोटलं आणि टाइप करायला लागली. "वजन?"

मी डबा उचलून पाहिला. "तीन किलो असेल."

"रक्तदाब?"

"आता त्रास नाही."

ती हसली, हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाली, "नाव काढायची चिठ्ठी गाठीचा रिपोर्ट आल्यावर देते."

तपासणीच्या दिवशी नर्सने हाक मारली, "मर्डॉक गिलिस!" मी उठले. तिने कागद पाहिला, मला पाहिलं, मागची रांग पाहिली.

"चला, मर्डॉक," ती म्हणाली. "स्वेटर काढा."

तीन आठवड्यांनी त्याच्या नावाचं पाकीट आलं. माझ्याच्याने ते लगेच फोडवेना. चहा केला, डबा टेबलावर समोर घेतला आणि मग मोठ्याने वाचलं, "श्री. गिलिस, आपल्या गाठीत काळजी करण्यासारखं काही नाही. आपण वेळेवर आलात, हे चांगलं केलंत."

जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी मला रडू फुटलं. माणसाला पुरतानासुद्धा कुणी रडत नसेल इतकी रडले, आणि याला तर अजून पुरलेलंही नाही. चहा गार झाला. मग नाक पुसून मी डबा जवळ ओढला.

"ऐकलंस का रे?" मी म्हटलं. "वेळेवर आलास म्हणे."