चाळीस टक्के

वनमालाने खिडकीचे दोन्ही पडदे ओढले आणि मध्ये फट राहू नये म्हणून ते सेफ्टी पिनांनी एकमेकांना जोडून टाकले. मग दाराला कडी घातली. दुपारचे अडीच वाजले होते. भटवाडीतल्या त्या चाळीत भरदुपारी दार लावलेलं घर एक तर गावाला गेलेलं असतं, नाही तर आत भांडण चाललेलं असतं. लोकांना काय समजायचं ते समजोत.

"हे काय चाललंय?" चंद्रप्रकाशने पलंगावरून विचारलं.

"उठा. काम आहे."

तिने पिशवीतून कापड काढून कटिंगच्या टेबलावर पसरलं. मोरपिशी रेशीम, काठाला बारीक जरीची वेल. वरच्या सोसायटीतल्या जयंतीताईंच्या मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. असे चार ब्लाउज शिवायचे होते. चारही ब्लाउजांची निम्मी शिलाई वनमालाने आगाऊ घेतली होती आणि सकाळीच घरमालकाच्या हातावर ठेवली होती.

पंचवीस वर्षं या नवरा-बायकोचं काम असंच वाटलेलं होतं. कापायचा तो, शिवायची ती. शिवण काय, मशीनलाही येतं, खरी विद्या कात्रीची, असं म्हणून तो तिला चिडवायचा, आणि ती दर वेळी चिडायचीसुद्धा. पावणेतीन वर्षांपूर्वी रस्ता ओलांडताना टेम्पोने त्याला उडवलं. उजव्या हाताचा कोपरापासून मनगटापर्यंत चुरा झाला. आत सळई बसली, आणि डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, चाळीस टक्के कायमचं अपंगत्व. तो कागद नुकसानभरपाईच्या दाव्याला जोडला गेला. वकिलाने बजावलं, की निकाल लागेपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही, विमा कंपनीवाले फोटो काढतात, मग दावा बोंबलला म्हणून समजा.

तेव्हापासून घर वनमालाच्या फॉल-पिकोवर चाललं होतं. चाललं होतं म्हणायचं. स्टेशनजवळचा गाळा सोडला, त्याची अनामत खाऊन झाली. अपूर्वाने, त्यांच्या लेकीने, कॉलेज सोडून मॉलमध्ये नोकरी धरली. दूध अर्ध्या लिटरवर आलं, आणि मासे दुसऱ्यांच्या घरातून वासानेच कळायचे. निकाल लागला की सगळं ठीक होणार होतं. काल पुन्हा तारीख पडली होती. विमा कंपनीच्या वकिलाला ताप होता म्हणे. पुढची तारीख दोन महिन्यांनी.

त्या तापाने वनमालाचं डोकं फिरलं होतं. कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती. तो त्याच हाताने कप उचलतो, शर्टाची बटणं लावतो, हे ती रोज बघत होती. हात केव्हाच बरा झालाय, डॉक्टरांनी भल्या मनाने आकडा फुगवलाय, आणि आपण कोर्टात थोडं खोटं बोलतोय, असं तिने मनोमन धरून ठेवलं होतं. पैसे मिळाले की देवापुढे नारळ फोडून माफी मागायची, हेही ठरवून ठेवलं होतं.

"वकिलाने काय सांगितलंय, विसरलीस?" तो म्हणाला.

"वकील आपलं भाडं भरतो? दार लावलंय, पडदा लावलाय. कोण बघतंय इथे?"

"अगो, त्या भाऊरावाचं काय झालं? पाय गेला म्हणून दावा लावलेला, टपरीवर उभा राहिलेला दिसला, आणि दावा निम्म्यावर आला."

"भाऊराव भर रस्त्यात उभा होता. दोन तासांचं काम आहे. मग वर्षभर हात लावू नका."

"नको, वनमाला."

"नको कसं? पैसे घेतलेत मी."

"परत दे."

"कुठून? भाड्यात गेले ते."

तो उठून टेबलाशी आला. मापाचा ब्लाउज हातात घेऊन त्याने उलटसुलट पाहिला, कापडाची घडी घातली, तळव्याने सुरकुती काढली. खडू उजव्याच हातात धरला. गळा, मुंढा, पाठ. रेघ सरळ आली. वळण तर असं गोल आलं, की वनमालाच्या छातीवरचं ओझंच उतरलं.

"बघा, येतंय की! उगाच घाबरत होतात. थांबा, माळ्यावरून कात्री काढते."

"माळ्यावर नाही ती. पलंगाखाली आहे."

माळ्यावर तर तिने स्वतःच ठेवली होती. तिने वाकून पलंगाखालचा पत्र्याचा डबा ओढला. कात्री वरच होती. खाली सुतळीने बांधलेला वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. शेजारून शिळा पेपर आणून तो दुपारी वाचत बसतो, अशी तिची समजूत होती. तिने सुतळी सोडली.

पाठ, पुढचा भाग, बाह्या. सगळे कागद ब्लाउजच्या मापाचे. प्रत्येकावर पेन्सिलीची रेघ नीटस होती. कात्री तिच्यावरून चार बोटं गेली होती आणि मग भरकटली होती. कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. खालच्या कागदांवर मागच्या वर्षीच्या तारखा होत्या. वरचा कागद परवाचा होता. परवाचीही कात्री चार बोटंच गेली होती.

"कधीपासून?" तिने खालीच बसून विचारलं.

"रोज. तू फॉलच्या साड्या द्यायला जातेस तेव्हा." तो खडूची पूड बोटांवरून पुसत राहिला. "रेघ जमते. कात्री दोन-तीनदा दाबली की अंगठ्यातला जोरच जातो."

"आणि मला सांगायचात, वकील नको म्हणतो."

"म्हणतोच की तो. बरं पडलं मला ते."

वनमालाला रडू आलं नाही. लाज वाटली. इतके दिवस या माणसाला ती मनात लबाड समजत होती, आणि त्याच लबाडीच्या आधारावर जगतही होती. दाव्यात लिहिलेलं अक्षरन्‌अक्षर खरं होतं. माफी मागण्यासारखं काही नव्हतंच, आणि तेच तिला सोसवेना.

ती कात्री घेऊन उठली. जड होती. मुठीचा घेर त्याच्या बोटांच्या मापाचा, तिच्या बोटांना ढिला.

"तुम्ही सांगा. मी कापते."

"रेशीम आहे गो. सरकतं."

"मग धरून ठेवा."

ती टेबलावर वाकली. अंधारात खडूची रेघ धड दिसेना. ती खिडकीशी गेली, एकेक पिन काढली आणि दोन्ही पडदे भिंतीपर्यंत सारले. समोरच्या गॅलरीत कुणीतरी कपडे वाळत घालत होतं.

"अगो, बघेल कोणी."

"बघू दे," ती म्हणाली. "काय दिसणार आहे त्यांना?"

चंद्रप्रकाशने उजवा हात कापडाच्या काठावर ठेवला आणि जमेल तेवढा दाबून धरला.