उजव्या दारातली जाळी आणि नानांची बाटली

मी एक जुनी जाळी आहे. नाही मित्रांनो, मासे पकडायची नव्हे आणि व्हॉलीबॉलचीही नव्हे. डोंगरवाटांवर धावणाऱ्या एका दणकट गाडीच्या उजव्या दाराला आतल्या बाजूने मी बसवलेली होते, चालवणाऱ्याच्या गुडघ्याजवळ. रुमाल, चष्मा, पेन असलं किरकोळ सामान सांभाळायचं, एवढंच माझं काम. पण मी कंपनीची बरं का! गाडीबरोबर जन्मलेली, मागाहून बाजारातून आणून लावलेली नव्हे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझा बराच अपमान होणार आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. यंत्राने काळा दोरा विणला, वरच्या काठात इलॅस्टिक ओवलं गेलं आणि चार कोपऱ्यांत चार स्क्रू मारून मला दारावर बसवलं. मग एक तपासनीस बाई आल्या. त्यांनी माझ्या काठात बोट घालून मला ओढलं आणि सोडून दिलं. मी टप्पकन दाराला चिकटले. "छान आहे ही," असं म्हणून त्या पुढच्या दाराकडे गेल्या. हे मला मिळालेलं पहिलं कौतुक. दुसरं कधी मिळालंच नाही, म्हणून हेच मी आजवर पुरवून पुरवून वापरते आहे.

आमची गाडी गुरांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे आली. डोंगरावरच्या वस्तीत कुणाची गाय अडली, कुणाचा बैल लंगडला, कुणाच्या शेळीने दोरी गिळली, की फोन यायचा आणि आम्ही निघायचो. पहिली दोन वर्षं बाईंनी माझ्यात फक्त दोन वस्तू ठेवल्या. एक पेन आणि एक हातमोज्यांची जोडी. संसार असावा तर असा! मला वाटायचं, आपलं सगळं आयुष्य असंच सुखात जाणार.

मग नाना निवृत्त झाले.

नाना म्हणजे बाईंचे सासरे. त्यांचा मुलगा, म्हणजे बाईंचा नवरा, जहाजावर नोकरीला. वर्षातले आठ महिने पाण्यावर. त्यामुळे घरात माणसं दोनच, सासरे आणि सून. नानांनी चाळीस वर्षं टपालखात्यात पत्रं निवडण्याचं काम केलेलं. समोर भिंतभर लाकडी खण, हातात पत्रांचा गठ्ठा, आणि प्रत्येक पत्र बरोबर आपल्या खणात. रिकामा खण दिसला की काहीतरी चुकलंय, असं त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी गाडीचं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरेच्चा! हा खण रिकामाच?"

झालं! त्या दिवसापासून माझ्या मागे साडेसाती लागली.

रोज पहाटे नाना गाडी भरायला येत. आधी डाव्या दारातली जाळी, म्हणजे माझी बहीण. मग मागच्या दोघी. आणि त्या तुडुंब झाल्या की उरलंसुरलं सगळं माझ्या पोटात. छत्री. दोन टॉर्च, त्यातली एक बंद. डिंकाची बाटली. बुटाची एक नाडी. मागच्या आठवड्याचं वर्तमानपत्र. एक कुलूप, ज्याची किल्ली हरवली होती. ते का ठेवायचं, तर समजा उद्या किल्ली सापडली, तर मग कुलूप कुठे शोधत बसणार? आणि या सगळ्यावर कळस म्हणून नानांची लिटरभर पाण्याची स्टीलची बाटली.

"नाना, ही शिट्टी कशाला?" बाईंनी एकदा माझ्यातून एक शिट्टी बाहेर काढून विचारलं.

"अगं, डोंगर आहे. हरवलो तर?"

"गाडीत बसून कसे हरवू आपण?"

"आत्तापर्यंत हरवलो का? नाही ना? मग! शिट्टी आहे म्हणून."

बाईंनी शिट्टी परत ठेवली.

पण खरं सांगायचं तर नाना कामाचे होते. बाई गोठ्यात खाली वाकल्या की नाना टॉर्च धरत, गाईची शेपटी धरत, आणि मुख्य म्हणजे गाईच्या मालकाला धीर देत. गाईपेक्षा मालकच जास्त घाबरलेला असतो, हे मी अनुभवाने सांगते. नानांना त्या गाडीतल्या डाव्या सीटचा फार लळा. साडेपाचलाच बूट घालून पायरीवर बसलेले असत. मुलगा समुद्रावर, बायको कधीच देवाघरी गेलेली. दिवसभर घरी करायचं काय? ती सीट म्हणजेच त्यांचं नवं ऑफिस होतं.

इकडे माझं मात्र पोट सुटत चाललं होतं. रोज ओढा, रोज कोंबा! इलॅस्टिकलाही काही मर्यादा असते की नाही? चार वर्षांत ते पार सैल पडलं. आता कुणी दार आपटलं की मी आ वासून सगळं बाहेर ओकायची. आणि नाना काय म्हणत माहीत आहे? "या कंपनीच्या जाळ्या म्हणजे अगदी तकलादू!" चोराच्या उलट्या बोंबा! बाईंनी मात्र मला नावं ठेवली नाहीत. त्या एवढंच म्हणायच्या, "नाना, सामान कमी करा." आणि नाना म्हणायचे, "करतो, करतो." मग दुसऱ्या दिवशी ते एक वस्तू काढत आणि दोन घालत.

तो दिवस आठवला की अजूनही माझे दोरे ताठ होतात. आम्ही एका वस्तीकडे उतारावरून जात होतो. वळणावर गाडीने उसळी घेतली आणि नानांची बाटली माझ्या काठावरून सटकली. मी सगळा जीव गोळा करून तिला धरायला बघितलं, पण धरणार कशाने? इलॅस्टिक कुठे शिल्लक होतं? बाटली खाली पडली, घरंगळली आणि नेमकी ब्रेकच्या मागे जाऊन अडकली. बाईंनी पाय दाबला. ब्रेक दबेना. एका बाजूला दरी, पुढे वळण आणि खाली वस्ती!

बाई खंबीर म्हणून वाचलो. त्यांनी खालचा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी सरळ एका शेणखताच्या ढिगात नेऊन घातली. गाडी फस्सकन थांबली. काचांवर शेण, बोनेटवर शेण. मग शेजारच्या घरातून एक माणूस बाहेर आला, त्याने गाडीकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "बाई, गाय इकडं आहे."

नाना म्हणाले, "छान थांबवलीस हो गाडी." बाई बॅग उचलून गोठ्याकडे गेल्या. काम उरकून त्यांनी गाडी घरी आणली. अंगणात गाडी उभी केली, खाली उतरल्या आणि मग म्हणाल्या, "नाना, उद्यापासून तुम्ही घरी थांबा."

"अगं, पण जाळी सैल पडलीय! माझा काय दोष? जाळीचा दोष!"

फुटलं की नाही खापर माझ्या डोक्यावर?

"जाळ्या मी बदलणारच आहे," बाई म्हणाल्या. "पण भरणारा हात कसा बदलू?"

नानांचा चेहरा एवढासा झाला. मला वाईट वाटलं, मित्रांनो. माझ्यावर इतका जुलूम केलेल्या माणसाबद्दल मला चक्क वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी नाना सवयीने बूट घालून पायरीवर बसले. बाईंनी गाडी काढली आणि एकट्याच निघून गेल्या. त्या दिवशी गोठ्यात त्यांना टॉर्च दातात धरावी लागली. मालक तर चक्कर येऊन बसलाच खाली. आधी त्याच्यासाठी पाणी, मग गाईसाठी औषध. परतीच्या वाटेवर बाई दोनदा डाव्या सीटकडे बघून काहीतरी बोलायला गेल्या, आणि सीट रिकामी! तरीही त्यांनी आपला शब्द फिरवला नाही. उतारावर अडकलेली बाटली काही चेष्टा नव्हती.

चार दिवसांनी खोकं आलं. त्यात चार नवे कप्पे. कसले ताठ! जाड कापड, तळाला कडक पट्टी, वर झाकण, आणि ते झाकण उघडलं की चर्रर्र आवाज. मी मनात म्हटलं, बघू या बाई, नव्याचे नऊ दिवस!

"मी बसवतो," नाना म्हणाले. "आणि नीट बसवले तर मग मला नेशील ना?"

"बघू," बाई म्हणाल्या. त्या घरात 'बघू' म्हणजे काय, ते भिंतींनासुद्धा माहीत होतं. तरी नाना कामाला लागले.

त्यांचं काम बघण्यासारखं होतं हो! प्रत्येक स्क्रूसाठी त्यांनी जुनं पाकीट घेतलं आणि त्यावर सुवाच्य अक्षरात पत्ता लिहिला. 'उजवे पुढचे दार, वरचा डावा कोपरा.' 'डावे मागचे दार, खालचा उजवा कोपरा.' सोळा स्क्रू, सोळा पाकिटं. सगळे स्क्रू अगदी सारखे होते, कुठलाही कुठेही चालला असता, पण ते सांगणार कोण? मला काढताना त्यांनी शेवटचा स्क्रू हळूच फिरवला. एवढी वर्षं मी ज्या दाराला बिलगून होते, ते क्षणात सुटलं आणि मी पायरीवर येऊन पडले. मला रडू आलं. जाळीला रडता येत नाही, पण आलं.

दुपारपर्यंत चारही कप्पे जागेवर होते. बाईंनी एकेक ओढून पाहिला. "सुरेख बसवलेत नाना," म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

नाना आणि चार रिकामे कप्पे! मित्रांनो, मांजराला दुधाची राखण करायला बसवलं तर काय होईल? त्यांचे हात शिवशिवायला लागले. आधी त्यांनी नुसतं एक वर्तमानपत्र ठेवलं. मग छत्री. मग, एवढं ठेवलंच आहे तर, टॉर्च. मी पायरीवरून ओरडत होते, "नाना नको! नाना, सीट जाईल!" पण माझा आवाज त्यांना कधी ऐकू आला होता? चहा उकळेपर्यंत चारही कप्पे टम्म.

तेवढ्यात फोन वाजला. डोंगरावरची एक पहिलटकर गाय सकाळपासून अडली होती. बाई बॅग घेऊन धावतच बाहेर आल्या. त्यांनी गाडीचं दार उघडलं. उजव्या कप्प्याचं झाकण बंदही होत नव्हतं, आणि सगळ्यात वर तीच ती स्टीलची बाटली.

बाईंनी बाटलीकडे पाहिलं. मग नानांकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांच्या डोळ्यांत भीती होती, खरीखुरी. नानांना ती दिसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसली.

नानांनी धडाधड चारही दारं उघडली, सगळं सामान उपसून काढलं आणि पायरीवर पडलेल्या माझ्यात ओतलं. छत्री, कुलूप, डिंक, बाटली, सगळं. मग माझी चारही टोकं धरून गाठोडं केलं आणि मला भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं. एकेक कप्पा हात घालून तपासला. रिकामा. झाकणं लावली. आणि स्वतःच गाडीपासून चार पावलं मागे सरले.

"जा तू," ते म्हणाले. "माझं चुकलं. गाय वाट बघतेय."

गाडी सुरू झाली, फाटकापर्यंत गेली आणि थांबली. बाईंनी काच खाली केली. त्यांच्या हातात औषधाच्या दोन मोठ्या काचेच्या बाटल्या होत्या.

"नाना, या कप्प्यात मावत नाहीत आणि सीटवर ठेवल्या तर फुटतील. गाईचा जीव आहे यांच्यात. कुणीतरी वाटभर धरून बसायला हवं."

नाना जागेवरच उभे.

"दोन्ही हातांनी धरायच्या. दुसरं काही घ्यायचं नाही."

साठी उलटलेला माणूस इतका जोरात धावतो हे मला माहीत नव्हतं. डाव्या सीटवर बसून नानांनी त्या दोन बाटल्या छातीशी अशा धरल्या, जसं काही महत्त्वाचं रजिस्टर टपाल! गाडी वळणाआड गेली आणि मी खिळ्यावर लोंबकळत राहिले.

दिवस मावळताना गाडी परत आली. नाना उतरले. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, कपड्यांना गवत चिकटलेलं. रिकाम्या झालेल्या दोन्ही बाटल्या अजून हातातच.

"वाटभर एकदाही हलल्या नाहीत," ते मला की खिळ्याला, कुणाला तरी सांगत होते. "आणि कालवड झाली, कालवड! उभीसुद्धा राहिली."

मागून बाईंचा आवाज आला, "नाना, उद्या सहाला निघायचंय. वेळेवर या."

तर मित्रांनो, ही माझी कहाणी. तुमचं दप्तर असो, खिसा असो की एखाद्या दाराची जाळी, थोडी जागा मोकळी सोडा, तिलाही श्वास घेऊ द्या. आणि एखादी वस्तू सैल पडली किंवा एखादं माणूस चुकलं, तर त्याला भिंतीला टांगण्याआधी त्याच्या हातात एक खरं काम देऊन बघा. मी अजून खिळ्यावरच आहे. माझं इलॅस्टिक गेलं, पण एकही गाठ सुटलेली नाही. कांदे ठेवा, बटाटे ठेवा, काहीही ठेवा; फक्त ठेवा.