मधली भट्टी

तिसरं खापर तडकलं आणि उषाबाईंनी ओठावर आलेली शिवी तशीच गिळली. सकाळचे दहा वाजले होते. सुरतजवळ उधन्याच्या त्या हॉलमध्ये एक वाजता लग्नाची पंगत बसायची होती, दीडशे माणसांना मांडे वाढायचे होते, आणि ज्यांच्या पाठीवर मांडा भाजायचा त्या मातीच्या पाच खापरांपैकी तीन निकामी झाली होती. उरलेली दोनही त्याच वाटेनं जाणार हे दिसतच होतं.

चूक कुणाची हे सांगायला ज्योतिषी नको होता. हॉलवाल्यानं चार दिवस आधीच बजावलं होतं, "मासी, लाकडां नहीं चाले. नवी टाइल्स छे." त्यावर उषाबाई रुबाबात म्हणाल्या होत्या, गॅसवर करू, त्यात काय एवढं. वर्षा बिचारी म्हणालीही होती, "मावशी, आधी घर एक खापर ग्यासवर ठेईसन देख." तर उषाबाई तिच्यावरच घसरल्या, की मांडे करण्यात माझे केस पिकले, तू मला शिकवू नकोस. चुलीचा जाळ खापराला सगळीकडून धरतो, गॅसची भट्टी एकाच जागी भाजते. एवढी साधी गोष्ट या पिकल्या केसांना सुचू नये? स्वतःच्याच थोबाडीत मारावी असं त्यांना वाटत होतं.

त्यांच्या मांडे करणाऱ्या गटातल्या बाकीच्या सहाजणींपैकी पाच हातातलं काम टाकून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. या बघण्याचा उषाबाईंना वीट आला होता. पुरण पातळ झालं, बघा मावशीकडे. मांडा फाटला, बघा मावशीकडे. मावशीनं कुणाकडे बघावं?

सहावी वर्षा. ती मोरीशी उभी राहून हाताचं पीठ धूत होती, आणि ते जास्त वाईट होतं. गेल्या महिन्यात उज्ज्वला अशीच भर कामातून निघून गेली होती, इथं कुणाचं ऐकत नाहीत म्हणून. आता वर्षा गेली तर हातावर मांडा फिरवणारं दुसरं कुणी उरणार नव्हतं. बारा वर्षांचा गट आजच मोडला असता.

तेवढ्यात नवरीचे वडील काशीराम आत आले. "काय व्हयनं? खापर फुटनं का?"

हॉलवाल्यावर ढकलायचं आणि मोकळं व्हायचं. जिभेवर आलंही होतं.

"चूक मन्ही शे," उषाबाई म्हणाल्या. "वर्षानी सांगेल व्हतं, मी ऐकं नही. आते मांडा उपड्या कढईवर व्हतीन. एक वाजता पंगत बसाडा."

"पन मी पाव्हण्यासले खापरना सांगेल शे."

"खापरना नही व्हवाव. कढईना व्हतीन."

आवाज असा ठाम की काशीराम आल्या पावली फिरले. आवाज तेवढा ठाम होता. कढईवर मांडा उषाबाईंनी जन्मात केला नव्हता.

दोन लोखंडी कढया उपड्या घातल्या. पहिला मांडा त्यांनी स्वतः टाकला. तो चिकटला आणि काळा पडला. दुसरा खरवडून काढावा लागला. कढई उचलून टाइल्सवर आपटावी आणि सरळ घर गाठावं, असं त्यांच्या मनात आलं. पाचजणी पुन्हा बघायला लागल्या.

"जाळ कमी कर," मोरीकडून वर्षा म्हणाली. "मीठनं पानी फिराव."

सवयीनं उषाबाईंचं डोकं भडकलं. पण त्यांनी जाळ कमी केला, मिठाच्या पाण्याचं फडकं फिरवलं. तिसरा मांडा जरा कडक झाला, पण अख्खा सुटला. खापराची चव त्याला नव्हती, आणि जाणकाराला ते पहिल्या घासाला कळणार होतं.

मधल्या भट्टीवर नेहमी उषाबाई बसत. त्या उठल्या. "आठे तू बस," त्या वर्षाला म्हणाल्या.

वर्षा हसली नाही. तिनं पदर खोचला आणि परातीतला गोळा उचलला. "आज करस. पुढनं पुढे देखसू."

उषाबाईंना ते झोंबलं. दोन खणखणीत उत्तरं तयार होती. ती तशीच ठेवून त्या कडेच्या भट्टीपाशी बसल्या, गॅसची कळ फिरवली आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "वर्षा, जाळ इतला पुरे का?"