मोटेचा तुकडा, चाकाचं माप

मी एक जुना तुकडा आहे, मोटेच्या चामड्याचा. मित्रांनो, मोट म्हणजे विहिरीतून पाणी ओढणारी चामड्याची मोठी पिशवी. मी तिच्या पोटाचा भाग. बैल उताराने धावले की आम्ही भरून वर यायचो. तापीकाठच्या भिकुबाईंच्या मळ्यातली मिरची आमच्याच पाण्यावर पोसली. "मन्ही मोट" म्हणून त्या आम्हाला मिरवायच्या. कौतुकानं मी फुगायचो. तसा पाण्यानंही फुगायचोच. पुढे शिवण उसवली, नवी मोट आली आणि मी गोठ्याच्या कोपऱ्यात पडलो. सुकून पापडासारखा कडक झालो. शेळी तेवढी विचारपूस करायची, तीही दातांनी.

तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. भिकुबाईंची लेक गुलाबबाई बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं आधीचं मूल पोटातच गेलं होतं. म्हणून चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवस भरण्याआधी हिला इकडे आणा आणि बैलगाडीचे हिसके अजिबात नकोत. घरी मोटार होती, पण नट ढिले राहून तिच्या एका चाकाची भोकं फाटली होती. लढाईमुळे नवं चाक मिळत नव्हतं.

गुलाबबाईचा भाऊ रतिलाल नंदुरबारहून जुनं चाक घेऊन आला. सारंगखेड्याच्या यात्रेत दात मोजून घोडा घेणारा हा गडी. चाकाचीही त्यानं भोकंच मोजली. मोटारीला पाच बोल्ट, चाकाला पाच भोकं. पण लावायला गेला तर चाक बसेना.

"भोकं मोजात, भाऊ," भिकुबाई म्हणाल्या, "पन त्यासना मधलं अंतर कोन मोजी?"

गुलाबबाई ओट्यावर पोटाशी हात धरून बसली होती. तिचा चेहरा पाहून मलाही भीती वाटली.

मग भिकुबाईंची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला हौदात भिजवून मऊ केलं, मोटारीच्या बोल्टांवर दाबून धरलं आणि रतिलालनं वरून लाकडाचा ठोकळा हाणला. पाचही बोल्ट माझ्यातून आरपार निघाले. दुखलं, खोटं कशाला सांगू? चाकाच्या तुंब्यासाठी मधला गोलही त्यानं मापानं कापला. मला खांद्यावर टाकून तो निघाला, तशा भिकुबाई मागे धावल्या.

"आरे, सुकनं ते आखडी जाई! मंग हाई माप काय कामनं? वल्ल्या गोणपाटमा गुंडाळ, वाटवर पानी मारत जाजो."

मोटेसोबत जन्म काढलेली बाई ती, चामड्याचा स्वभाव तिला ठाऊक. नंदुरबारपर्यंत रतिलाल मला पाणी पाजत गेला. भंगारवाल्याकडे त्यानं मला एकेका चाकावर ठेवून पाहिलं. कुठं भोकं आत पडत, कुठं बाहेर. अखेर एका गंजक्या चाकावर माझी भोकं आणि मधला गोल चपखल जुळले. तरी त्यानं चाक उलटं करून खोली वितीनं मोजली, कारण ती कमी असती तर चाक ब्रेकच्या डब्याला घासलं असतं. दुधानं तोंड पोळलेला तो, आता ताकही फुंकून पीत होता.

दुसऱ्या दिवशी मोटार चिंचपाड्याला गेली. तिथं गुलाबबाईला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. मला इतका आनंद मळा पहिल्यांदा भिजला तेव्हाही झाला नव्हता.

मायलेकी घरी आल्या तेव्हा भिकुबाईंनी मला तेल चोळलं. चामड्याला देवघरात जागा नसते, हे मला माहीत होतं. पाळण्याची दोरी तुळईवर घासून झिजू नये म्हणून त्यांनी मला दोन्हींच्या मधे घातलं आणि माझ्याच भोकांतून सुतळी ओवून घट्ट बांधलं. फेकलेल्या तुकड्याला केवढी ही जागा! या घराचे उपकार मी कसे विसरू?

म्हणून मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा हातात घेऊन पाहा. चामडं असेल तर अधूनमधून तेलाचा हात फिरवा. सांगण्यासारखं अजून पुष्कळ आहे, पण आता थांबतो. खाली पोर नुकतीच झोपली आहे.