दोनशे सतराव्या पानावरची गोगलगाय

मी एक जुना, जाडजूड खंड आहे, मित्रांनो. जीवशास्त्राच्या एका त्रैमासिकाचे चार अंक एकत्र शिवून बाइंडरने मला घडवले, पाठीवर सोनेरी अक्षरे उमटवली आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात धाडले. तेव्हापासून मी जरा शिष्टच झालो.

त्याला कारणही होते. माझ्यात एक गाजलेला लेख आहे. एका शास्त्रज्ञ बाईंनी रानवाटाण्याच्या बिया अंधाऱ्या पेटीत ठेवल्या आणि त्या दुप्पट वेगाने रुजल्या. पुढे ज्याने त्याने हे आपल्या प्रबंधात लिहिले आणि संदर्भात माझे नाव दिले. ते ऐकून मी कपाटात फुगून बसत असे. दुःख एवढेच, की नाव सगळे घेत, पण उघडत कोणी नसे. अंगावर बोटभर धूळ साचली.

मग एका सकाळी एक संशोधक मुलगी रडवेल्या चेहऱ्याने ग्रंथपालकाकांपुढे येऊन उभी राहिली.

"काका, आठ दिवसांत प्रबंध द्यायचाय. माझ्या बिया अंधारातही तेवढ्याच वेगानं रुजतात आणि उजेडातही. सर म्हणतात, सव्वीस प्रबंध एक सांगतात, म्हणजे तुझंच काहीतरी चुकलं. दोन वर्षं पाण्यात जाणार हो माझी!"

"मूळ लेख पाहिलास का, पोरी?"

मुलीने नकारार्थी मान हलवली. संदर्भ तिनेही दुसऱ्याच्या यादीतूनच उतरवून घेतला होता.

काकांनी स्टुलावर चढून मला खाली काढले आणि ते लागोपाठ तीनदा शिंकले. मुलीने सर्वांनी दिलेले दोनशे सतरावे पान उघडले.

"अहो काका, इथे तर गोगलगाय आहे!"

"म्हणजे सव्वीस जणांनी गोगलगाय वाचून वाटाण्यावर लिहिलं?" काका म्हणाले आणि दोघेही पोट धरून हसले.

अनुक्रमणिकेत खरे पान सापडले: दोनशे एकाहत्तर. मुलगी एकेक ओळ वाचत शेवटाला आली. तिथे बाईंनी लिहिले होते, 'केवळ चाळीस बिया वापरल्या. पेटी खिडकीतल्या तबकापेक्षा उबदार होती. फरक उबेमुळेही पडला असेल. कोणीतरी पुन्हा तपासून पाहावे.'

खरे सांगतो, मला लाज वाटली. बाईंनी ज्याची खात्री कधीच दिली नव्हती, त्यावर मी तीस वर्षे मिरवत होतो.

मला बाहेर नेण्याची परवानगी नाही, म्हणून सरांनाच ग्रंथालयात बोलावले. त्यांनी ते चार ओळींचे टिपण दोनदा वाचले. मुलीने सव्वीस प्रबंधांची यादी सालवार लावून ठेवली होती. सर्वांत जुने नाव पाहून सरांनी चष्मा काढला. मलाही आठवले. ग्रंथालय बंद होण्याची घंटा वाजत असताना एका तरुणाने लेखाचा फक्त सारांश उतरवला होता आणि पानाचा आकडा घाईघाईत उलटसुलट टिपला होता, २७१ चे २१७.

"पहिलं दोनशे सतरा माझं आहे," सर म्हणाले. "बाकीच्यांनी माझ्यावरून उचललं."

"मग मी काय लिहू, सर?"

"जे आहे ते. माझ्या नावासकट."

"नक्की ना?"

"लवकर लिही. विचार करायला वेळ मिळाला तर माझं मन बदलेल."

तिने लिहिले. बाईंनी काय सांगितले, काय सांगितले नाही, आपल्या तीन हजार बियांनी काय दाखवले, सगळे नीट वेगवेगळे लिहिले. तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक आधी माझ्याकडे आले, मला पडताळून मगच वर गेले. तिला पदवी मिळाली. पहिली टाळी सरांनी वाजवली, असे काका सांगत होते.

मित्रांनो, माझे नाव खुशाल घ्या. पण आधी मला उघडा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मी छापलेला आहे, म्हणून बरोबरच असेन असे समजू नका. बाईंनी साधी विनंती केली होती, पुन्हा तपासून पाहा. ती पुरी करणारी मुलगी जन्माला यायची होती, तेव्हापासून मी वाट पाहत होतो. तुमच्याही ग्रंथालयात एखादा खंड असाच वाट पाहत असेल. त्याला खाली काढा.